मोटारीचा खण आणि मुशीचं तेल

चहा गरम आहे तोवर दोन घोट घेऊन ठेवा. मधेच हसू आलं तर ठसका लागेल, आणि मग दोष माझ्यावर! वेंधळेपणा मी जन्मात पुष्कळ केलाय. पण इतका विचार करून, मन लावून, सकाळ-संध्याकाळ न चुकता केलेला वेंधळेपणा हा एकच.

आम्ही तेव्हा डहाणूला राहत होतो. गुजरात आणि महाराष्ट्र नुकतेच वेगळे झाले होते. आमचे हे गवताचे व्यापारी. तलासरी, झरीकडच्या रानातलं गवत कापून घ्यायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं. त्या फिरतीसाठी ह्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. जुनी म्हणजे किती जुनी? आमच्याआधी तिचे तीन मालक होऊन गेले होते. हॉर्न वाजवला की दिवे थरथरायचे, आणि ब्रेक लावला की आधी तीच एक उसासा टाकायची.

पण माझा तिच्यावर भारी जीव!

दर रविवारी हे तलासरीला गवत बघायला जायचे आणि मी पुढच्या सीटवर, ह्यांच्या शेजारी. आठवडाभर सासूबाई, मुलं, दळण, पाणी. रविवारचे हे तीन तास मात्र मला कोणी काही विचारायचं नाही. काचेतून कोवळं ऊन मांडीवर यायचं. चिकूच्या वाड्या मागे पडायच्या, मग ताडाची झाडं, मग लांबवर निळसर डोंगर, पाण्यात बुडवून काढल्यासारखे. मोटार डुलायची, मी डुलायची. झोप नाही आणि जागही नाही. कधी वाटायचं, ही वाट अशीच चालू राहावी, तलासरी येऊच नये. एकदा ह्यांना मी तसं म्हटलंसुद्धा. हे म्हणाले, "तलासरी आली नाही तर पेट्रोल संपेल."

असो!

त्या मोटारीला पुढे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, एक झाकणाचा खण होता. विलायतेत साहेब लोक त्यात म्हणे हातमोजे ठेवतात. डहाणूच्या उकाड्यात हातमोजे कोण घालतंय? आमच्या खणात ह्यांची तपकिरीची जादा डबी, माझी पेपरमिंटं आणि एक पंचा असायचा. त्या खणाला छोटंसं कुलूप होतं. झाकण खिळखिळं, रस्ताभर खडखडायचं, पण कुलपामुळे बंद राहायचं.

एका सोमवारी हे मुंबईला निघाले. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "या मोटारीवर आता एक जरी खर्च निघाला ना, तर मी ती देऊन टाकणार. तलासरीचे शेठ दोनदा विचारून गेलेत."

मी म्हटलं, "नाही हो, कशाला निघेल खर्च?"

आणि त्याच दुपारी मी कुलूप मोडलं!

म्हणजे मुद्दाम नाही. धाकटीला पेपरमिंट हवं होतं, किल्ली अडकली, मी जरा जोर लावला. कट्! अर्धी किल्ली माझ्या हातात, अर्धी आत, आणि झाकण धाडकन माझ्या गुडघ्यावर. गुडघ्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांसमोर आली ती रिकामी रविवार सकाळ.

गॅरेजवाल्या उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, च् च् केलं.

"भाभी, ये माल इधर कहाँ? मुंबईत शोधावं लागेल. मिळालं तर मिळालं. आणि मिळालं तर साहेबांना विचारा, परवडेल का."

साहेबांना विचारा! तेच तर करायचं नव्हतं.

मी ओटीवर गाल हातात धरून बसले. तेवढ्यात धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली पार्वतीबाई टोपली घेऊन आली. आमच्याकडे मासळी तीच घालायची. आवाज असा, की खाडीपलीकडून हाक मारली तर अलीकडे भरती थांबावी.

"काय गो बाय, तोंड का असा? कोन गेला का?"

मी सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून हसली.

"हात तिच्या! एवढाच ना? माझा भाव होड्या बांधतो. अख्खा समुद्र बाहेर ठेवतो तो, तुझा झाकण बंद नाय ठेवायचा? उद्याच धाडते."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. काळा, किडकिडीत, कमी बोलणारा. त्याने मोडकं कुलूप उपसून बाजूला ठेवलं आणि त्या भोकात सागाची एक फिरती खुंटी बसवली, होडीतल्या पेटीला असते तशी. आडवी केली की बंद, उभी केली की उघडी. झाकणाच्या कडेलाही बारीक पट्ट्या ठोकल्या. किती सुबक काम! मी बघतच राहिले. सगळ्याचे मिळून त्याने चहा, दोन केळी आणि थोडेसे पैसे घेतले.

जाताना त्याने माशाच्या तेलाची एक बाटली दिली.

"मुशीचा तेल हाय, बाय. होडीला लावतो तोच. एक हात मारा, दोन दिस मोटार उन्हावाऱ्यात ठेवा. मग लाकूड पन्नास वरसं मरत नाय."

आता बघा, इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? एक हात मारला असता आणि मोटार उन्हात उभी केली असती.

मी विचार केला! एका हाताने लाकूड पन्नास वर्षं टिकतं, तर रोज दोन हात मारले तर किती टिकेल? शिवाय मोटार उन्हात ठेवली तर शेजारीण विचारणार, खण कशाला उघडा टाकलाय, आणि ह्यांच्या कानावर जाणार. म्हणून मोटार ठेवली पत्र्याच्या बंद शेडमध्ये. आणि सकाळ-संध्याकाळ, देवाला दिवा लावल्यावर, बाटली आणि चिंधी घेऊन मी शेडमध्ये. आधी खुंटीला, मग पट्ट्यांना, मग म्हटलं आतल्या बाजूला तरी का नको? खणाला आतून जाड लोकरीचं अस्तर होतं. त्यानेही तेल प्यायलं. चांगलं पोटभर प्यायलं.

तुम्ही विचाराल, वास नाही आला? आला ना! पहिल्या दिवशी मला भोवळ आली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी जरा कमी वाटला. शुक्रवारी मी शेडमध्ये उभी राहून खोल श्वास घेतला आणि मनाशी म्हटलं, "गेला! पार गेला वास!"

शेजारच्या काकूंनी मात्र त्या दिवशी दोनदा विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

आणि शेडच्या दारात सात मांजरं. नुसती बसून, दाराकडे बघत, डोळे अर्धे मिटून. मला वाटलं, सावलीला बसली असतील बिचारी.

शनिवारी हे आले. आता ह्यांची गंमत अशी, की वीस वर्षं तपकीर ओढून ह्यांच्या नाकाला जगातला कुठलाच वास कळत नसे. दूध करपलं तरी आम्ही सांगायचं, तेव्हा कळायचं.

रविवारी निघालो. किती सुंदर सकाळ होती ती! वाड्यांवर धुकं रेंगाळत होतं. मोटार हळूच फाटकातून बाहेर पडली आणि पाठोपाठ सातही मांजरं, वरात निघाल्यासारखी, कोपऱ्यापर्यंत. मी सीटवर डोकं टेकलं. झाकण अजिबात खडखडत नव्हतं, आणि तेलाने काळी पडलेली खुंटी ह्यांच्या नजरेतही आली नव्हती. ती शांतता माझी होती, मी केलेली. कुणाला सांगायची नाही, नुसती अंगावर घेऊन बसायची. धुक्यातून एक बैलगाडी आली, धुक्यात गेली. माझे डोळे मिटले.

"अगं," हे एकदम म्हणाले, "खडखड थांबली की! चार दिवस विश्रांती मिळाल्यावर काय सुरेख चालतेय बघ."

मी झोपेतच हसले.

चारोटीला चहाला थांबलो. चहावाला कप घेऊन मोटारीपाशी आला आणि दोन पावलं मागे सरकला.

"भाऊ, सुके बोंबील विकायला नेताय का?"

"नाही रे. का?"

"नाय, म्हंजे… म्हावरा हाय ना मोटारीत?"

मी ठसक्यात म्हटलं, "त्या मागच्या ट्रकचा वास असेल."

मागे ट्रक होता. त्यात विटा होत्या.

तलासरी जवळ आली तसं ऊन तापलं. इंजिन तापलं. आणि पुढचा खणही तापायला लागला. मला आपली तंद्री. लांबवर पाणी चमकल्याचा भास होत होता, होडीत बसल्यासारखं वाटत होतं. का वाटत होतं, ते मला नंतर कळलं!

मोटार थांबली ती शेठच्या किराणा दुकानासमोर. मी डोळे उघडले.

"इथे कशाला?"

हे खुशीत म्हणाले, "देऊन टाकतो. आज एकही काम बाकी नाही, आवाज नाही, काही नाही. विकायला हीच वेळ चांगली."

माझी झोप खाडकन उतरली. म्हणजे मी जिच्यासाठी हे सगळं केलं, ती मोटार मीच सजवून बाजारात आणली होती! तोंडाशी आलं, की नका हो विकू. पण बोलले तर खुंटीची गोष्ट बाहेर येणार. मी मुकाट्याने उतरून मागे जाऊन बसले.

शेठ आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, घरात कांदासुद्धा न शिवणारा माणूस. पुढच्या सीटवर बसले. दार लावलं. नाक वर गेलं.

"भाऊ, आ… आ शानी वास छे?"

"कसला वास?" हे खरोखरच निरागसपणे म्हणाले. "जुन्या कातड्याचा असेल. तुम्ही हा खण बघा! पूर्वी किती खडखडायचा. उघडा, उघडा तुम्ही."

शेठनी खण ओढला. हलेना. पाच दिवसांचं तेल डिंकासारखं सुकून बसलं होतं. ह्यांनी हात लावला. हलेना. "जरा जोरात," हे म्हणाले. दोघांनी मिळून ओढलं.

आणि इथे मला आठवलं, की उरलेली बाटली मी खणातच ठेवली होती. बूच? बूच सैल होतं.

"अहो, थांबा!" मी ओरडले.

खुंटी तुटली. झाकण आपटलं. बाटली एक गिरकी घेऊन शेठच्या मांडीवर आली आणि शांतपणे, अगदी सावकाश, सगळीच्या सगळी त्यांच्या धोतरात रिकामी झाली.

"अरे राम राम राम! मच्छी!" शेठ दार उघडून जे धावले ते दुकान ओलांडून थेट विहिरीवर. मागून दुकानातलं एक मांजर. मग दुसरं.

परतीच्या वाटेवर मी सगळं कबूल केलं. कुलूप, खुंटी, तेल, अस्तर. चारोटी मागे पडल्यावर हे एवढंच म्हणाले, "आता ही मोटार या जन्मी कोणी विकत घेणार नाही."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रडायला नाही हो, हसू लपवायला! मोटार राहिली होती. माझे रविवार राहिले होते. मावळतीचं ऊन गवतावर पसरलं होतं, सगळं रान पिवळं, मऊ, आणि मी त्यात तरंगत घरी आले. आठवडाभर तशीच तरंगत होते.

पुढच्या रविवारी नवीन पातळ नेसून, वेणीत अबोलीचा गजरा माळून मी फाटकात आले. मोटारीची मागची सीट कडेपर्यंत टोपल्यांनी भरलेली. सुके बोंबील, सुकट, करंदी. आणि पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर, पार्वतीबाई! नऊवारी सावरून, पान चघळत, राणीसारखी.

"ये गो बाय! साहेब बोलले, मोटार वास मारतेच हाय तर तुझा माल तरी ने तलासरीला. दर आयतवारी!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शांतपणे चिमूटभर तपकीर ओढत होते.

"मग मी कुठे बसू?"

"पार्वतीबाईंना मागे बसलं की मळमळतं," हे म्हणाले. "तू बस ना टोपल्यांमध्ये. तुला काय, त्या वासाची सवयच आहे."