लोखंड नको, स्टील चालेल

“लोखंड लावायचं नाय,” असं म्हणून दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातल्या आजीबाईंनी नातीला पदराखाली घेतलं आणि आमचं कन्सल्टेशन संपल्याचं जाहीर केलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी लहान मुलांचा सर्जन होतो. नात पाच महिन्यांची, आणि तिच्या वरच्या पापणीवर लालभडक, मऊ गाठ. याला आम्ही हिमँजिओमा म्हणतो, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. जन्मानंतर काही दिवसांत ठिपका दिसतो, मग तो फुगत जातो आणि पुढे काही वर्षांत बहुतेक वेळा आपोआप विरतो. सर्जनची गरजच पडत नाही. आम्हाला हे मान्य करायला जड जातं, पण खरं आहे.

आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना यातला ‘आपोआप’ हा शब्द फार आवडला होता.

“वेट अँड वॉच करा,” साहेब म्हणाले.

“सर, गाठीनं डोळा झाकलाय.”

“जाईल आपोआप.”

“गाठ जाईल. पण तोवर डोळाही जाईल.”

बाळाचा डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही. पुढे गाठ गेली तरी नजर येत नाही. स्टेरॉइड देऊन झालं होतं, गाठीनं दाद दिली नव्हती. आता ऑपरेशनच उरलं होतं. एवढ्याशा अंगात रक्त जेमतेम दोन पेले, आणि कापायचा तो रक्ताचाच गुंता. साहेबांची भीती अगदीच खोटी नव्हती. शेवटी ते म्हणाले, “करा, पण घरच्यांची पूर्ण संमती हवी.” घरचे म्हणजे आजीबाई. त्यांची संमती मिळणार नाही, याची साहेबांना बहुधा खात्री होती.

आजीबाईंचं निदान तयार होतं. सून गरोदर असताना ग्रहणात कोलंबी सोलत बसली, तीच कोलंबी नातीच्या पापणीवर येऊन बसली. ग्रहणाच्या खुणेला लोखंड लागलं तर ती दुसऱ्या डोळ्यावर जाते. इतकं ठाम निदान मला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. सून भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं, नुसते तिच्याकडे बघत होते. मला मनस्वी चीड आली.

“आजी, आमची हत्यारं लोखंडाची नाहीत,” मी म्हटलं. “स्टीलची आहेत.”

“डब्याच्या इस्टीलची?”

“तसलीच.”

इथे बाळाचे वडील मदतीला धावले. कामाला तारापूरच्या एका स्टीलच्या कारखान्यात, म्हणून राहायला तिथेच जवळ, सरावली गावात. “आये, इस्टील म्हंजे लोखंडच. आमी तेच तर बनवतो.”

इतका प्रामाणिक कामगार मला नेमका तेव्हाच भेटायचा होता.

मी एक वापरातली कात्री मागवली. आजीबाईंनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

“कवाची हाय?”

“बरीच जुनी.”

“मंग गंज कुठं हाय?” त्या मुलाकडे वळल्या. “आपल्या होडीचा खिला एक पावसाला तरी टिकतो काय? म्हनं लोखंड. गप ऱ्हा.”

संमती मिळाली. साहेबांचा चेहरा उतरला.

पापणीच्या घडीत चीर घेतली. एकेक रक्तवाहिनी विजेच्या चिमट्यानं बंद करत गाठ सुटी करत गेलो. मध्येच रक्त वाहायला लागलं, राखून ठेवलेली बाटली लावावी लागली. साहेब दारातून म्हणाले, “जरा वेट करायचं का?” “कशाची, सर?” मी विचारलं. गाठ निघाली.

नंतर काही महिने चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावलं. एकदा पट्टी असतानाच पोरीनं माझ्या खिशातलं पेन बरोबर पकडलं आणि ओढलं. मी तिला ते देऊन टाकलं. फार बरं वाटलं होतं.

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. “डाक्तर, म्हंजे माजी चूक नवती ना?”

“अजिबात नव्हती.”

“व्हती,” आजीबाई म्हणाल्या. “डाक्तरानं इस्टीलनं काडली.”

सुनेनं मान खाली घातली. डोळा उघडणारं स्टील आमच्या ट्रेमध्ये असतं. डोळे उघडणारं अजून कुठल्याच कारखान्यात निघत नाही, तारापूरच्याही नाही.