कंटाळलेला आवाज

इंगोले काका मला पहिल्यांदा भेटले ते विमानतळावर. ते मला घ्यायला आले होते आणि मला घ्यायचंच विसरले होते. जिंतूरहून निघालेली मी, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीसाठी आलेली. फोन चालत नव्हता. मैत्रिणीने एवढंच सांगितलं होतं, की विमानतळाजवळच्या अ‍ॅशबर्न गावातले ओळखीचे एक काका येतील. माझ्याबरोबर उतरलेले सगळे निघून गेले, बाकं रिकामी झाली, मी रडायच्या बेतात होते. तेव्हा एका कानात इअरफोन आणि शर्टाच्या खिशातून अँटेना डोकावणारे एक गृहस्थ रमतगमत आले.

"तुझं विमान मस्त उतरलं बरं का," ते म्हणाले. "पूर्ण ऐकलं मी."

ऐकून झाल्यावर मागोमाग एक मोठं मालवाहू विमान येत होतं, म्हणून ते रनवेच्या कुंपणापाशीच थांबले होते. सॉरी वगैरे काही नाही.

त्या खिशातल्या यंत्राला स्कॅनर म्हणतात. पायलट आणि टॉवरमधली माणसं जे बोलतात ते त्यावर ऐकू येतं. मला आकडे आणि खरखर यापलीकडे काही कळत नसे. काकांचं मात्र सगळं घर त्या खरखरीवर चाले. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहिले, गाडी त्यांनीच शिकवली, पहिल्या थंडीत जाकीट कसलं घ्यायचं तेही त्यांनीच सांगितलं. हे सगळं मी विसरणार नाही. पण गाडी शिकवताना मी हायवेवर घामाघूम झालेली असायची आणि शेजारी हे कानावर हात ठेवून म्हणायचे, "थांब, थांब, त्याला दुसरा रनवे देऊन राहिले!"

"काका, मी कुठे थांबू? मागे ट्रक आहे!"

"तुले नाही म्हणलं वो."

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत इअरफोन पाहून नवीन आलेल्या काकूंना वाटायचं, यांना ऐकू कमी येतं. त्या कानाशी येऊन ओरडायच्या, "भाऊ, प्रसाद घ्याऽऽ!" आणि काका हात वर करून त्यांनाच गप्प करायचे. मी मान खाली घालून मोदक खायचे.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक म्हणजे, "पायलटचा आवाज कंटाळलेला असला की समजायचं, सगळं बरं आहे." आणि दुसरं, "एवढ्या घाईतही टॉवरवाले विमान दुसऱ्याच्या हाती सोपवताना गुड डे म्हणतात बघ. तुमच्या ऑफिसातले लोक तर फोन ठेवतानाही म्हणत नाहीत."

ज्याचा जीव असा विमानांत, तो माणूस स्वतः विमानात बसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची मुलगी श्रुती देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला असते. तिला बाळ होणार होतं, तब्येत नाजूक होती, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. काकू आता नाहीत. तिने बोलावलं, तर काका म्हणाले, "मी ड्राइव्ह करून येतो."

"बाबा, यू कान्ट बी सिरियस!" फोन स्पीकरवर होता. "तुमचा गुडघा, तुमचे डोळे... इट्स द होल कंट्री, बाबा!"

"रस्ते चांगले आहेत."

फोन ठेवल्यावर मी भडकले. "काका, दिवसभर विमानंच ऐकता ना? मग बसायला काय होतं?"

ते यंत्राचं बटण फिरवू लागले. मग म्हणाले, "भारतातून येत होतो, मी आणि तुझी काकू. जमिनीले टेकणार इतक्यात विमान एकदम वर गेलं. कोणी काही सांगेना. तिनं माझा हात असा धरला होता... आणि मले काही सांगता येईना. खाली दुसरं विमान होतं रनवेवर, बस, इतकंच होतं. नंतर कळलं. त्यानंतर हे यंत्र घेतलं मी. बाहेर उभं राहिलं की कळते तरी, कोणीतरी पाहून राहिलं आपल्याकडे. आत बसलं की काहीच ऐकू येत नाही."

मी ओरडलेच. "मग मी ऐकते! तुम्ही आत बसा, मी बाहेर उभी राहून ऐकते. झालं?"

"तुले समजेल का?"

"शिकवा!"

तिकीट काढलं, आणि पुढचा आठवडा ऑफिसहून आले की माझी शिकवणी. त्यांच्या विमानाचा नंबर त्यांनी मला इतक्या वेळा म्हणायला लावला, की तो मला झोपेतही सांगता आला असता. चुकले की म्हणायचे, "ग्रॅज्युएट आहेस ना तू?"

निघायच्या दिवशी त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं आणि त्यांचं यंत्र घेऊन मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. कडक ऊन, धूळ, कानात खरखर. अखेर तो नंबर आला. उड्डाणाची परवानगी. पायलटने ती परत म्हणून दाखवली. विमान माझ्या डोक्यावरून गेलं. टॉवरने पुढच्यांच्या हाती सोपवलं, गुड डे म्हटलं. पायलटनेही म्हटलं. माझ्या तोंडूनही निघालं, आणि शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघू लागला.

संध्याकाळी चँडलरहून मेसेज आला. 'पोहोचलो' नाही, 'श्रुती बरी आहे' नाही, 'थँक यू' तर नाहीच.

"आवाज कसा होता?"

मी वैतागून लिहिलं, "जांभई देत होता."

खूप वेळाने उत्तर आलं. "मंग बरं आहे."

आता ते तिकडेच राहतात, नातीसोबत. परवा फोन आला, "दिवाळीत येतो म्हणतो. ते यंत्र चार्ज करून ठेव." मी म्हटलं, "काका, मला ऑफिस असतं." आणि उठून चार्जर शोधायला लागले.