साडूंच्या सहा बॅटऱ्या

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याला ओशाळवाणं करून सोडणारा चांगला माणूस सातारा ते सांगली या टापूत दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. वाईट माणसाचा हेवा करता येतो आणि वर त्याला चार शिव्याही देता येतात. यांचा हेवा मुकाट्याने गिळावा लागतो. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझी बायको तिच्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला दाजी म्हणते, तिचं ऐकून मीही दाजी म्हणतो आणि ते मला ‘सर’ म्हणतात. त्या ‘सर’मध्ये थोडी तरी टिंगल असती तर मला किती बरं वाटलं असतं! पण नाही. मनापासून म्हणतात.

दाजींच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. आत पाऊल टाकलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. भिंतीवर ओळीने टांगलेलं ड्रिल, स्क्रू पिळायचं मशीन, गोल करवत, ग्राइंडर, फांद्या छाटायची चेनसॉ, अंगणातला पाला उडवायचा ब्लोअर. प्रत्येकामागे त्याच्या आकाराची पेन्सिलची रेघ, म्हणजे कोण जागेवर नाही ते लगेच कळावं. वायर कशालाच नाही, सगळं बॅटरीवर. आणि गंमत म्हणजे एवढ्या यंत्रांना मिळून बॅटऱ्या फक्त सहा. कुठलीही काढून कुठेही बसते. “आवं सर, लोक आधी मशीन बघत्यात. आधी बॅटरी बघायची! एका घरची, म्हंजे एका कंपनीची, बॅटरी धरली की मशिनंबी त्याच घरची घ्यायची. न्हाईतर कपाटात नुसते चार्जर साठत्यात.” त्या सहांना त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातले आहेत आणि त्यांच्या ड्यूट्या लावल्या आहेत. एकदा मी सहज चार नंबरला हात लावला, तर म्हणाले, “तिला ऱ्हाऊ द्या. काल शेवगा तोडलाय तिनं. आज आराम.”

त्यांची खरेदी हा तर बघण्यासारखा सोहळा. साताऱ्यातले दुकानदार त्यांना लांबून येताना पाहूनच स्टूल पुढे करतात, कारण प्रकरण तासाभरात आटोपणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. दाजी पिशवीतून स्वतःचा बाभळीचा ठोकळा आणि मूठभर स्क्रू काढतात. डोळे मिटून मशीन हातात तोलतात. मग ते डोक्यावर धरून शंभर आकडे मोजतात, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. “छताला भोक पाडताना हात भरून आला तर मशीन ठेवायचं कुठं? हवेत?” मुठीतला चालू करायचा घोडा इतका हळू दाबतात की पातं रांगत फिरावं, आणि कान लावून मोटर ऐकतात. शेवटी एकच प्रश्न: “बिघडलं तर दुरुस्त कुठं हुतंय?” उत्तर देताना दुकानदार छताकडे बघू लागला की ठोकळा पिशवीत जातो. एकदा एका दुकानात मी सोबत होतो. दाजींचा सगळा कार्यक्रम बघून शेजारच्या गिऱ्हाइकाने आपलं बांधून ठेवलेलं ड्रिल परत केलं आणि यांना विचारलं, “काका, मला कुठलं घेऊन देता?” तो माणूस मला एका शब्दाने काही विचारेल अशी माझ्या चेहऱ्यात काही सोयच नाही.

घरी याचा परिणाम काय होत असेल तो बघा. “दाजींनी ताईच्या ओट्याखाली सरकते कप्पे केले,” बायको सांगणार. “दाजींनी शेजाऱ्यांचंसुद्धा कुंपण कापून दिलं.” माझ्या घरात त्या वेळी खिडकीचा पडदा नाडीने गजाला बांधलेला होता. ती पडद्याकडे बघायची नाही, हेच जास्त लागायचं. त्यातून दहिवडीचे आमचे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणतात. घरात कुत्र्याला ठेच लागली तरी आबांचा पहिला फोन साताऱ्याला जातो. मला फोन येतो तो दिवाळीला, आणि त्यातही “जावईबापू, तब्येत बरी हाय न्हवं?” एवढंच.

मग आबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी बजावलं की भिंतीला धरायला दांडे बसवल्याशिवाय यांना एकटं आत सोडू नका. दाजी रविवारी जाणार हे कळलं आणि माझ्या मनाने उचल खाल्ली. मी कुणाला न सांगता ऑनलाइन एक ड्रिल मागवलं. निवड करायला मला चार मिनिटं लागली. खोक्यावर ठळक अठ्ठेचाळीस व्होल्टचा आकडा होता आणि दाजींच्या मशीनवर अठरा. हिशेब सरळ होता. रविवारी मी पहाटेच निघालो आणि दाजींच्या आधी तासभर दहिवडीत पोचलो. दांडे मी आदल्या दिवशीच आणले होते. आबा बाहेर खाटेवर बसले होते. म्हणाले, “जावईबापू, तुमी कशाला तरास घेता? त्यो येतोय की.”

मी आत जाऊन दार लोटलं.

भिंत दगडी होती. पहिलं भोक निम्मं झालं आणि अठ्ठेचाळीसचा आवाज म्हाताऱ्या मांजरासारखा झाला. दुसरं त्याहून उथळ. तिसऱ्याला मशीनमधून जळका वास आला आणि ते गप्प झालं. मी स्क्रूसाठी भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गट्ट्या कापून आखूड केल्या, हातोडीने ठोकल्या, स्क्रू कसेबसे पिळले आणि एक दांडा तेवढा बसवला. दिसत छान होता. मला ठाऊक होतं की तो पक्का नाही. तरीही मी बाहेर येऊन “झालं काम” म्हणालो, कारण फाटकात दाजी उभे होते. ते वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

“वा सर!” म्हणत ते आत गेले. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून सगळं वजन त्यावर टाकलं. स्क्रू, गट्ट्या, मातीसकट दांडा उखडून आला आणि दाजी पाठीवर आपटले. बाहेरून आबा ओरडले, “काय पडलं रं?”

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मेलेल्या ड्रिलकडे. “माझ्या हातनं बादली निसटली, आबा!” ते ओरडले. मग उठून पाठ चोळत हळूच मला म्हणाले, “बरं झालं, मी लटकलो.”

त्या क्षणी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका त्यांच्या भिंतीवरची सगळी यंत्रं बघूनही कधी वाटला नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर? मी साऱ्या पाहुण्यांत सांगत फिरलो असतो.

त्यांनी गाडीतून आपलं ड्रिल आणलं आणि माझ्या हातात दिलं. “तुमी मारा, मी धूळ काढतो.” मी सगळा जोर लावून रेटायला लागलो. “दाबू नका. ते आपल्या आपण जातंय. तुमी नुसतं सरळ धरा.” खरंच गेलं. आठ भोकं, आठही माझी. दाजी दरवेळी फुंकर मारून खोली मोजायचे आणि लष्करी थाटात “ओके रिपोर्ट” म्हणायचे. दुपारी आबा दोन्ही दांडे धरून आत उभे राहिले, एकदा हलवून पाहिले आणि म्हणाले, “कुणी बसवलं?”

“सरांनी,” दाजी म्हणाले.

निघताना त्यांनी ते ड्रिल माझ्या गाडीत ठेवलं. मी नको नको म्हणालो, पण ऐकेनात. “एक बॅटरी लावून दिलीया. चार्जर मातर एकच हाय, त्यो न्हाई देत. संपली की या साताऱ्याला.”

ताई आता मुलीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला गेली आहे आणि दाजी घरी एकटेच असतात. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. “सर, संपली का वं बॅटरी?” मी म्हणतो, “अजून नाही, दाजी.” मग ते “बरं, बरं” म्हणतात आणि जरा वेळ फोन तसाच धरून ठेवतात. चांगली वस्तू लवकर संपत नाही, हा त्यांच्या निवडीचा एकमेव दोष. आमच्या घरात आणि शेजाऱ्यांकडेही आता भोक पाडण्यासारखी भिंत उरलेली नाही.

परवा सकाळी मी गॅलरीत उभा राहून, घोडा दाबून, ड्रिल नुसतंच हवेत फिरवत होतो. बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

“हे काय चाललंय?”

“साताऱ्याला जायची तयारी,” मी म्हणालो.