पिंपांचा पोवाडा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात माझी कतारमधली नोकरी जाता जाता वाचली.

तेव्हा अख्ख्या दोह्यात वर्ल्ड कपची तयारी चालली होती. बघावं तिथे रस्ते खणलेले, आणि त्या खड्ड्यांत पाइप टाकणाऱ्या एका कंपनीत मी ड्रेनेज इंजिनिअर. करार दोन महिन्यांत संपत होता. पीटरसाहेबांनी सही केली तर दोन वर्षं वाढणार, नाहीतर खलास! बिऱ्हाड, बायको, सईची शाळा, सगळं गुंडाळून थेट नाशिक! सहीचं काहीच कळेना, म्हणून मी साहेबांना शुक्रवारी घरी जेवायलाच बोलावलं. (याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी त्याला नेटवर्किंग म्हणत होतो.)

त्याच आठवड्यात सईला, म्हणजे आमच्या दहा वर्षांच्या कन्येला, तिच्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेनं गृहपाठ दिला. इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला एखादा प्रसंग घ्या, त्यावर आपल्या घरच्या भाषेत विनोदी गाणं रचा आणि म्हणताना ओळीओळीचा अर्थ इंग्रजीत सांगा! त्या काळी लोक अशी गाणी करून शत्रूची टिंगल करायचे म्हणे.

सईला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्रजी. "बाबा, आय कान्ट राइट मराठी!"

"मी आहे ना!" मी बाह्या सरसावल्या. कॉलेजच्या गॅदरिंगला मी एकदा पोवाडा लिहिला होता. (एकदाच. नंतर कुणी सांगितलं नाही.)

प्रसंग झकास मिळाला. बंडखोरांनी दारू ठासलेली पिंपं नदीत सोडली आणि घाबरलेले इंग्रज शिपाई पाण्यातल्या दिसेल त्या लाकडावर गोळ्या झाडत बसले! मी लिहिलं:

ओंडका दिसला, झाडा गोळी! बदक दिसलं, झाडा गोळी!
साहेबाच्या अकलेची झाली भर पाण्यात होळी, जी जी रं जी!
धोतर आलं वाहत, म्हणे हाच सेनापती!
सलाम ठोकला वाकून, अशी गोऱ्याची हो मती, जी जी रं जी!

"बाबा, देअर वॉज नो धोतर इन अमेरिका!"

"पोवाड्यात चालतं गं."

माझी बायको मंजिरी भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुमचा साहेब इंग्रजच ना?"

"मग?"

"काही नाही. परवा यायचाय, म्हणून म्हटलं."

"अगं, मराठीत आहे! त्याला काय कप्पाळ कळणार?"

शुक्रवारी साहेब शहराबाहेरच्या समैस्मा गावातल्या समुद्रकाठच्या व्हिलातून दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या फ्लॅटवर आले. लिफ्ट नेमकी बंद. तीन जिने चढून बिचारे लालबुंद! पण श्रीखंडाची पहिली वाटी संपली, दुसरी घेतली, चेहरा निवळला. आता सहीचा विषय काढावा म्हणून मी घसा खाकरला, तेवढ्यात साहेबांनी सईला विचारलं, "शाळेत काय चाललंय मग?"

"आय हॅव अ साँग!" सई टुणकन उठून उभीच राहिली.

पहिल्या दोन ओळी झाल्या. साहेब कौतुकानं मान डोलवत होते. मीही डोलवत होतो. मग सई थांबली, आणि शाळेनं सांगितल्याबरहुकूम म्हणाली, "इट मीन्स..."

माझ्या तोंडचं पाणी पळालं! अर्थ सांगायचा असतो हे मी साफ विसरलो होतो! मी समोरची थाळी उचलली आणि डफासारखी बडवत ओरडलो, "जी जी रं जी! जी जी रं जी!"

"अहो, श्रीखंड सांडलं!" मंजिरी किंचाळली.

"वेट, बाबा!" सई रागावली. "इट मीन्स, द इंग्लिशमन्स ब्रेन गॉट बर्न्ट इन द वॉटर."

साहेबांचा चमचा हवेतच थांबला.

"ती म्हणतेय, इंग्रज शिपाई फार शूर होते," मी घाईघाईनं सांगितलं.

"नो, बाबा! यू सेड दे आर स्टुपिड! अँड देन दे सॅल्यूट अ धोतर!" आणि पोरीनं वाकून कडक सलाम ठोकून दाखवला. साहेबांना!

मला डोळ्यांसमोर नाशिकचं विमान दिसू लागलं.

"हे लिहिलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

आता सांगायला लाज वाटते, पण मी पोटच्या पोरीकडे बोट दाखवलं. "सईनं! शाळेत!" सईनं बोलायला तोंड उघडलं, तोच मंजिरीनं त्यात अख्खी पुरी कोंबली.

आणि साहेब हसायला लागले. पोट धरधरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! "धोतराला सलाम! बरोब्बर! आमचं मुख्य ऑफिस रोज हेच करतं! बरं, तुझी सही मी कालच केली. तेच सांगायला आलो होतो, पण श्रीखंडात राहून गेलं."

हुश्श! खरं सांगतो, मला रडूच आलं. मंजिरीनं देवाला हात जोडले, मी साहेबांना जोडले. दोन वर्षं! शाळा वाचली, घर वाचलं! त्या आनंदात साहेबांना तिसरी वाटी वाढली.

"पण कमाल आहे हं," साहेब म्हणाले. "कवीचं वय बघता फारच छान लिहिलंय."

एव्हाना सईची पुरी गिळून झाली होती. "बट बाबा इज फॉर्टी-टू!"

साहेबांनी वाटी खाली ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "श्रीकांत, तू ड्रेनेजचं काम उत्तम करतोस. तेवढंच करत जा."