मी निवडलेला डबा

हे लिहायला घेऊन दोनदा खोडलं. तरी लिहितेच, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

अंबडच्या एका शेडमध्ये आम्ही डिझेलचे टेम्पो इलेक्ट्रिक करतो. मला कामाला लागून आठ महिने झाले होते. सर म्हणाले, "गाडी चालताना व्होल्टेज कसं वरखाली होतं ते लॅपटॉपवर दिसलं पाहिजे. चांगला डॅक बघ." डॅक म्हणजे वायरींमधलं व्होल्टेज मोजून लॅपटॉपला आकडे पाठवणारा डबा. मी तर उडालेच! चार दिवस माहितीपत्रकं वाचली, एक्सेलमध्ये रंगीत तक्ता केला. चॅनेल, म्हणजे मोजायच्या वायरींच्या जोड्या, किती, सेकंदाला नोंदी किती, किंमत किती. सरांनी एका मिनिटात हो म्हटलं आणि मी घरी पेढे नेले. वेडीच.

डबा आला. त्याच्या वायरींची एक जोडी मी टेम्पोच्या मोठ्या बॅटरीला लावली. ती साडेतीनशे व्होल्टची, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारं सर्किट टाकलं. दुसरी जोडी दिवे-हॉर्नच्या छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीला. स्क्रीनवर दोन्ही रेघा उमटल्या. मी टाळ्या वाजवल्या.

आमचे इलेक्ट्रिशियन काका ओझरला विमानांच्या वायरिंगवर आयुष्य काढून आलेले. मोठ्या बॅटरीवर काम करताना त्यांचा डावा हात कायम पाठीमागे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, ही बॅटरी गाडीच्या बॉडीला कुठेच जोडलेली नसते. एका टोकाला चुकून हात लागला तर करंटला परत जायला वाट नाही. पण दोन्ही हात घातलेस, की भिंतीवर फोटो आणि फोटोला हार."

दुपारी जेवताना मी पुण्याच्या मैत्रिणीला डब्याचा फोटो पाठवला. तिचा मेसेज आला, "भारी! आयसोलेटेड आहे ना?"

मी "हो गं" टाइप करून पाठवलं, आणि मग माहितीपत्रक उघडलं.

नव्हता. आयसोलेटेड म्हणजे प्रत्येक चॅनेल आतून वेगळा; याच्यात सगळ्या चॅनेलचा निगेटिव्ह आतून एकच. मी तीनदा वाचलं. छोट्या बॅटरीचा निगेटिव्ह तर बॉडीलाच असतो! म्हणजे मोठीचा निगेटिव्हही आता माझ्या डब्यातून बॉडीला जाऊन बसला होता. करंटला परत जायची वाट मीच करून दिली होती. काका हात पाठीमागे ठेवतात, पण कंबर तर टेम्पोला टेकलेली असते.

जेवण तसंच टाकून पळाले. काका माझ्या आधीच शेडमध्ये पोचले होते. मोठ्या बॅटरीचं झाकण उघडं, हातमोजे काढून बाजूला ठेवलेले.

"तुझ्या डब्याची क्लिप हलतेय गं," ते मान वर न करता म्हणाले. "मोज्यात बारीक नट सापडत नाही."

मी ओरडायच्या आतच हातातली स्टीलची बाटली सुटून फरशीवर आपटली. काका दचकून मागे सरकले. दचकून हात पुढे गेला असता तर? हे मला नंतर सुचलं, आणि अजून सुचतं.

"काका, निगेटिव्ह बॉडीला लागलाय! माझ्यामुळे! हात लावू नका!"

"काय बडबडतेस?"

"मीटर लावून बघा ना!"

त्यांनी मोजे चढवले. मीटरची एक पिन पॉझिटिव्हला, दुसरी बॉडीला. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको होतं. तीनशे अठ्ठेचाळीस.

काकांनी बॅटरी बंद करणारा मेन प्लग उपसला, तो स्वतःच्या खिशात घातला आणि स्टेपनीवर बसले. मी नुसती सॉरी, सॉरी करत होते. त्यांनी फोन काढून घरी लावला.

"काही नाही, असंच. जेवलीस का? ... अगं, असंच म्हटलं ना. काय होणारे मला?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

"सरांना मी सांगू की तू?"

"मी."

"मग आत्ताच जा. उद्यापर्यंत तुला कारणं सुचतील."

मी सरांच्या केबिनचा जिना चढले. सर फोनवर होते, त्यांनी हातानेच बस म्हणून खूण केली. मी उभीच राहिले. बसले असते तर तोंडच उघडलं नसतं.