पोस्ट बॉक्सवरची एकेचाळीस नावे

जमालुद्दीन हमदुले यांना मी ओळखत होतो त्या नऊ वर्षांत ते एकदाच खोटे बोलले, आणि ते खोटे इंग्रजीत मी सांगितले. त्यामुळे त्यांची हकिगत लिहिण्याचा अधिकार, नको असला तरी, माझ्याकडेच येतो.

बहारीनमध्ये, तुबलीच्या गॅरेजांच्या रांगेत आमची लाँड्री होती. अमेरिकन जहाजांवरचे गणवेश आणि चादरी तेथे धुतल्या जात. मी राज्यशास्त्राचा एम. ए.; त्या लाँड्रीत कारकून होतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मला तेथे कोणीही कधी भासवले नाही. जमालभाई शिलाई मास्तर. दापोली तालुक्यातले, हर्णैच्या बाजूचे. बावन्न वर्षांचे, काटकुळे, शर्टाच्या कॉलरमध्ये दोऱ्यासकट सुई खोचलेली. तुटलेली बटणे लावणे आणि सैनिकांच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या शिवणे, हे त्यांचे काम. आठवड्यातून दोनदा ते व्हॅनबरोबर अमेरिकनांच्या नौदल तळाच्या फाटकाच्या आत जात, कारण पट्टी चुकली तर ती तेथेच उसवून पुन्हा शिवावी लागे. त्यासाठी त्यांना फोटोचा पास होता. पास नसेल तर काम नाही, काम नसेल तर व्हिसा नाही, आणि बावन्नाव्या वर्षी दुसरा व्हिसा कोणी देत नाही. हे गणित त्यांना तोंडपाठ होते. सकाळी व्हॅनमध्ये चढण्यापूर्वी ते खिशावर हात ठेवून पास चाचपत.

शुक्रवारी मात्र ते निराळेच गृहस्थ असत. बहारीनमध्ये टपाल घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येते. त्यांच्या गावच्या सगळ्या माणसांचा मिळून एकच बॉक्स होता, मुहर्रकमधल्या शब्बीरशेठच्या किराणा दुकानाचा. जुम्म्याच्या नमाजानंतर मंडळी दुकानामागे तांदळाच्या पोत्यांवर बसत आणि जमालभाई पत्रे वाचून दाखवत. ते सातवीपर्यंत शिकलेले. बाकीच्यांपैकी निम्म्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. कोणाच्या पत्रात काय खालच्या आवाजात वाचायचे आणि काय गाळून नंतर एकट्याला सांगायचे, हे त्यांना अचूक कळत असे.

दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवला होता. या बॉक्सवर ज्यांचे टपाल येते त्यांची नावे त्यावर लिहिलेली होती. त्या मंडळींचा एक रिवाज होता. कोणी कायमचा गावी परतला तरी त्याचे नाव पुठ्ठ्यावरून कापायचे नाही. नाव कापले की माणसाची रोजी तुटते, अशी त्यांची समजूत.

१९९६च्या जूनमध्ये समुद्रावरच्या पुलापलीकडे, सौदीतल्या खोबरला, अमेरिकन सैनिकांच्या इमारतीसमोर स्फोट झाला. एकोणीस मेले. अमेरिकेत ते निवडणुकीचे वर्ष होते. अध्यक्ष एका पक्षाचा, संसद दुसऱ्या पक्षाच्या हाती. आदल्याच हिवाळ्यात या दोघांच्या हट्टापायी त्यांचे अख्खे सरकार तीन आठवडे बंद पडले होते. आता एकाने विचारायचे, हलगर्जीपणा कोणाचा. दुसऱ्याने दाखवायचे, आम्ही किती दक्ष. मेलेल्या एकोणीस जणांवरून चाललेल्या त्या भांडणात दक्षतेचा पुरावा कोठून आणायचा? आमच्याकडून. कोणत्याशा समितीसमोर ठेवण्यासाठी आतबाहेर करणाऱ्या प्रत्येक परदेशी कामगाराची माहिती हवी होती. धोबी, भंगी, शिंपी, सगळ्यांची. अकरा पानांचा फॉर्म आला. शेवटच्या पानावर छापले होते की खोटी किंवा अपुरी माहिती देणे हा अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा आहे. तुबलीत बसलेल्या दापोलीच्या शिंप्याला अमेरिकेचा कायदा कसा लागू होतो, हा प्रश्न मला सुचला. मी तो कोणालाही विचारला नाही.

सतरावा प्रश्न होता : तुमच्या पत्त्यावर आणखी कोणाकोणाचे टपाल येते? सर्व नावे लिहा.

"जमालभाई," मी म्हणालो, "येथे फक्त शब्बीरशेठच्या दुकानाचे नाव लिहू या."

"नाय भाऊ. सगली नावं लिवा म्हनतात ना? मग सगली लिवू. उद्या कोनी म्हनाया नको, हमदुल्यानं लपवलंन."

दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्यावरची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊन आले. एकेचाळीस नावे. मीही ती टाइप केली. मी त्यांना थांबवायला हवे होते. परंतु शेवटच्या पानावरची ती ओळ मी वाचली होती, त्यांनी वाचली नव्हती.

ऑगस्टमध्ये त्यांना बोलावणे आले. दुभाषा म्हणून मी. वॉशिंग्टनहून आलेला अधिकारी चाळिशीच्या आतला आणि अत्यंत सभ्य होता. त्याने आम्हाला पाणी दिले, खुर्च्या दिल्या. ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटते ती तो थांबेपर्यंत. हा मुळी ओरडतच नव्हता. जमालभाईंचा पास त्याने मेजावर स्वतःकडे ओढून ठेवला होता.

"हे एकेचाळीस लोक कशासाठी जमतात?"

"पत्रं ऐकाया."

"वाचतो कोण?"

"मी."

"म्हणजे दुसऱ्यांची पत्रे तुम्ही उघडता?"

"त्यांच्याम्होरंच उघडतो, साहेब. त्यांना वाचता येत नाय."

"काय असते त्या पत्रांत?"

जमालभाईंनी माझ्याकडे पाहिले. "काय सांगू, भाऊ? कोनाची म्हैस व्याली. कोनाच्या सुनंनं चूल वेगली मांडली."

मी भाषांतर केले. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले आणि एका शब्दाखाली रेघ मारली. "ही म्हैस," तो म्हणाला, "म्हणजे नक्की काय?"

"म्हैस म्हणजे म्हैस," मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण रेघ खोडली नाही.

मग त्याने दुसरा कागद काढला. एकेचाळीसपैकी तीसच माणसे सध्या बहारीनमध्ये राहत होती. उरलेली अकरा कोठे आहेत?

नाव न कापण्याचा रिवाज मी त्याला समजावून सांगितला. सांगत असताना माझ्याच कानांना ती पळवाट वाटू लागली.

"म्हणजे ते अकराही जण भारतात आहेत? सगळे?"

जमालभाईंच्या बहिणीचा मुलगा ताहिर, वय चोवीस, त्याच वसंतात पूल ओलांडून एसी दुरुस्तीच्या कामाला गेला होता. खोबरला. त्याची पत्रे अजून शब्बीरशेठच्या बॉक्सवर येत आणि भाजीच्या ट्रकवाल्याबरोबर पलीकडे जात. हे मला ठाऊक होते, कारण त्याचे बहारीनमधले व्हिसाचे कागद मीच बंद केले होते.

जमालभाईंचा हात कॉलरकडे गेला. अधिकाऱ्याचे डोळे त्या हाताबरोबर वर गेले, तसा तो खाली आला.

"व्हय," ते म्हणाले. "सगले गावाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी म्हणालो, "होय. सगळे."

पास परत मिळाला नाही. चौकशी पुरी होईपर्यंत तो तेथेच राहील, असे सांगण्यात आले. लाँड्रीच्या मॅनेजरने जमालभाईंना मागच्या बाजूला इस्त्रीवर बसवले आणि वर्षअखेरपर्यंत वाट पाहू, पुढे व्हिसा रद्द करावा लागेल, असे बजावले.

तेव्हापासून ते पांढऱ्या गाडीला घाबरू लागले; साध्या वेषातले पोलीस तसल्याच गाडीतून येतात, असे म्हणत. बहारीनमध्ये निम्म्या गाड्या पांढऱ्या. लाँड्रीसमोर एखादी थांबली की ते इस्त्री कापडावरच ठेवून मागच्या दाराकडे जात. दोन चादरी जळाल्या. त्या वर्षी बहारीनमध्ये आधीच अशांतता होती, मआमीरच्या रस्त्यावर टायर जळत, तपासणीला उभे राहावे लागे. तशा वेळी ओळखपत्र काढण्याआधी ते सवयीने पासाचा रिकामा खिसा चाचपत, आणि ते पाहून पोलीस ओळखपत्र अधिक वेळ न्याहाळी. अमेरिकनांनी ती यादी येथल्या पोलिसांना दिली आहे की सौदीच्या, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. विचारणे म्हणजे आपणहून सांगणे.

एका शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर मुहर्रकला गेलो. पोत्यांवर जेमतेम पाच माणसे बसली होती.

"ये, ये, जमाल्या," शब्बीरशेठ गल्ल्यावरून म्हणाले. "अमेरिकावाले तुला पदक देनार म्हनं! एकेचालीस मानसांची जनगनना फुकटात करून दिलीस."

"शब्बीर, थट्टा नको. ताहिरला सांग, तिकडून नीघ."

"सांगू कसा? फोनवर त्याचा नाव घेऊ? का पत्र धाडू? तुझ्या त्या साहेबाला म्हैस कलत नाय, ताहिर बराबर कलंल."

अखेर ट्रकवाल्याबरोबर तोंडी निरोप गेला. तीन आठवडे उत्तर आले नाही. त्या तीन आठवड्यांत जमालभाईंनी बहिणीला लिहिण्यासाठी चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा फाडला. मग ट्रकवाला आला. ताहिरने सांगितले होते, "मामूला म्हनावं, मी मजेत. एसीचा सीझन हाय, निघालो तर शेठ पासपोर्ट देनार नाय. घाबरू नको, इंशाल्ला रमजानात बहारीनला भेटाया येतो."

"येतो म्हंजे?" जमालभाई म्हणाले. "पुलावरून? पासपोर्टवर खोबरचे शिक्के घेऊन?"

नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक झाली. अध्यक्ष पुन्हा निवडून आले आणि संसद पुन्हा दुसऱ्या पक्षाचीच राहिली. एवढी आदळआपट करून कोणीही हरले नाही. पंधरा दिवसांनी एकपानी कागद आला : मी पूर्वी दिलेली सर्व माहिती सत्य व पूर्ण आहे. खाली सही करायची आणि पास घेऊन जायचा.

तो कागद घेऊन आलेला अमेरिकन सुपरवायझर च्युइंगम चघळत होता. चौकशीचे काय झाले, असे मी विचारले. "संपली," तो म्हणाला. "समितीला आता दुसरा विषय मिळाला आहे. हे गठ्ठे कोणी वाचणार नाही."

मी धावतच इस्त्रीच्या खोलीत गेलो आणि जमालभाईंना ते शब्दशः सांगितले.

"कोनी वाचनार नाय?" त्यांनी विचारले. "मग लिवून घेतात कशाला?"

"निवडणुकीसाठी घेतले. निवडणूक झाली. सही करा आणि पास घ्या."

"भाऊ, मी तेवीस वरसं पत्रं वाचतो. लिवलेला कोनीतरी वाचतोच. आज नाय तर दहा वरसांनी." त्यांनी कागद इस्त्रीच्या टेबलावर सरळ केला, चुरगळू नये म्हणून हात कडेलाच ठेवला. "तवा नुसतं तोंडानं बोललो. आता सही मागतात. सही केली आन् रमजानात ताहिर पुलावर उभा राह्यला, तर त्याला पकडतील आन् मला बी. आन् खरा सांगितला, तर पोर आजच गेला. तो तिथं एसी दुरुस्त करतो, पन ऐकनार कोन?"

"सही नाही केली तर व्हिसा जाईल."

"जाऊ दे. मी गेलो म्हंजे माझा कागूद संपला. जो आत जातच नाय, त्याची यादी कोन धुंडील?"

मी त्यांच्यावर ओरडलो. माझ्या विषयातले होते नव्हते ते सगळे त्यांना ऐकवले : अशा चौकशा कशा सुरू होतात, कशा विरून जातात, त्यांचे कागद तळघरात कसे सडतात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तुमची सही झाली?" त्यांनी विचारले.

दुभाषा म्हणून माझ्यासाठीही एक कागद होता. सर्व उत्तरांचे भाषांतर अचूक केले आहे, असे त्यावर लिहिले होते. भाषांतर अचूकच होते. मी म्हणालो, "झाली."

"बरा केलंत," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, याचा मला आजही राग येतो.

सही न केलेला कागद मॅनेजरने मुकाट्याने फाइलला लावला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमालभाईंचा व्हिसा रद्द झाला. ताहिरला ट्रकवाल्याबरोबर निरोप गेला : मामू गावी गेला, बहारीनला येऊ नकोस. विमान दुपारचे होते. शब्बीरशेठ आणि मी त्यांना सोडायला गेलो. वाटेत त्यांनी एकदाच विचारले, "काउंटरवर कॉम्प्युटर असतो ना?"

असतो, असे मी म्हणालो.

काचेच्या अलीकडून आम्हाला सगळे दिसत होते. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पाने उलटली, पडद्याकडे पाहिले. मग पुन्हा पहिले पान काढले. मग त्याने फोन उचलला.

"या अल्ला," शब्बीरशेठ म्हणाले, आणि माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला.

जमालभाई काउंटरसमोर हात खाली सोडून ताठ उभे होते. पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता; डिसेंबर असून. अधिकारी फोनवर बोलत होता, ऐकत होता, पुन्हा बोलत होता. एकदा त्याने जमालभाईंकडे पाहिले. मग तो फोनवर मोठ्याने हसला, काहीतरी खाण्याविषयी बोलला असावा, कारण हाताची पाच बोटे जुळवून त्याने ओठांना लावली. फोन ठेवला. शिक्का मारला.

पासपोर्ट त्याने पुढे सरकवला तरी जमालभाई हलले नाहीत. "यल्ला," तो म्हणाला, म्हणजे चल, नीघ. आणि पुन्हा, मागच्या रांगेकडे पाहत, "यल्ला, यल्ला!"

तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पासपोर्ट उचलला आणि चालू लागले. आधी हळू, मग भरभर, मग खांद्यावरची पिशवी छातीशी धरून. तेवीस वर्षे राहिलेल्या देशातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. जमालभाईंना मी त्याआधी कधी पळताना पाहिले नव्हते.