शेऱ्याचा रकाना

बाईंनी काम माझ्याकडे सोपवलं तेव्हा एक पत्र्याचा डबा दिला, डब्यात कार्डं होती, आणि एक सूचना दिली: कार्डावरचं सगळं उतरवून घ्या. मी कार्डं उतरवून घेतली, डबा परत केला आणि सूचना निम्मीच पाळली.

काम होतं अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देण्याचं. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते उत्तरपत्रिकेत लिहितो. सांगायला एवढं सोपं आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक आयत्या वेळी बदलतं, केंद्र लांब असतं, लेखनिकाच्या घरी पाहुणे येतात. बाई हे काम कर्वेनगरातल्या आपल्या पुढच्या खोलीतून चाळीस वर्षं करत होत्या. शाळेत शिकवत होत्या तेव्हाही आणि निवृत्तीनंतरही. त्याखेरीज शाळा सुटताना चौकात शिट्टी घेऊन उभं राहणं, पोलिओच्या रविवारी बूथवर बसणं, मतदार यादी घरोघरी पडताळणं आणि ओढ्यात पडणाऱ्या राडारोड्याबद्दल महापालिकेला पत्रं लिहिणं हेही चालू असायचं. कोणी समाजसेवा म्हटलं की त्या म्हणत, "मला दुपारी झोप येत नाही, म्हणून करते."

माझी त्यांची ओळख मतदार यादीवरूनच झाली. पडताळणीसाठी त्या आमच्या दारात आल्या. मी घरातल्या चौघांची ओळखपत्रं एका पाकिटातून काढून दिली. पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या चार वाजता या." कशाला, ते सांगितलं नाही. मी गेले. त्यानंतर अकरा वर्षं जात राहिले. आधी लेखनिक म्हणून, मग फोन करायला, मग केंद्रांशी पत्रव्यवहार करायला.

पुढे बाईंना ऐकू येईनासं झालं. हे काम फोनवर चालतं, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. त्यांच्या खुर्चीच्या हाताला दोरीनं पेन्सिल बांधलेली एक वही लटकायला लागली. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं त्या वहीत लिहायचं, बाई बोलून उत्तर देणार. पहिल्या दिवशी मी सवयीनं मोठ्यानं बोलायला लागले, तर म्हणाल्या, "ओरडू नका. मला ऐकू येत नाही, समजतं सगळं."

कार्डं मी एका आठवड्यात कॉम्प्युटरवर घेतली. नाव, फोन, परिसर, शिक्षण, मोकळे वार असे रकाने केले. प्रत्येक कार्डाच्या खाली बाईंनी बारीक अक्षरात आणखीही काहीतरी लिहिलेलं असे. 'सासूला दमा, दहाच्या आत फोन नको.' 'येते म्हणाली की येतेच.' 'पेपर संपल्यावर फार बोलते.' 'अक्षर बरं, वेग कमी.' मला हे सगळं शेजारपाजारच्या गप्पांसारखं वाटलं. शिवाय एवढा मजकूर घातला की छापताना पान आडवं करावं लागत होतं. मी तो रकाना काढून टाकला. पूर्वी लेखनिक शोधायला दोन दिवस लागत, आता आठ मिनिटं लागतात, असं मी बाईंच्या वहीत लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि "वा" म्हणाल्या. पुण्यात या अक्षराचे बरेच अर्थ होतात. मी मला सोयीचा घेतला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी होती. लोणी काळभोरची, शहरात वसतिगृहात राहून बी.ए. करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिचे सगळे विषय सुटले होते, इतिहासाचा एक पेपर राहिला होता. तो सुटला की बी.एड.ला प्रवेश नक्की होता. नाही सुटला तर काय, तेही ठरलेलं होतं. यंदा नाही झालं तर मी परत येते, असं तिनं घरी कबूल केलं होतं, आणि घरचे ते विसरणारे नव्हते.

पेपरच्या दिवशी सकाळी सात वाजता तिच्या ठरलेल्या लेखनिकेचा फोन आला. न्हाणीघरात पाय घसरला होता, उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये. पेपर अकराला. बाईंचा नियम असा होता की लेखनिकानं आदल्या दिवशी विद्यार्थ्याला भेटून अर्धा तास सराव करायचा, म्हणजे एकमेकांचा वेग कळतो. आता ते शक्य नव्हतं. मी यादी उघडली, वार आणि परिसर निवडला. तीन नावं आली. पहिल्या दोघी गावाला गेल्या होत्या. तिसरी बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी. शिक्षण वाणिज्य शाखेचं, म्हणजे विषयाशी संबंध नाही, म्हणजे नियमात बसणारी. साडेदहाला केंद्रावर हजर राहते म्हणाली आणि सव्वादहालाच पोचली. मी यादीत बरोबरची खूण केली.

अडीच वाजता मुलीचा फोन आला.

"ताई, त्या मॅडमनी माझ्या पेपरात त्यांच्या मनाचं घातलंय."

तिला कसं कळलं ते मी विचारलं. परत येताना रिक्षात लेखनिक मॅडमनी स्वतःच सांगितलं होतं. चौथ्या प्रश्नात तू दोन मुद्दे विसरली होतीस, मी घातले, आता काळजी करू नकोस, असं. त्यांना इतिहास वाचायचा नाद होता. निवृत्तीनंतर त्यांनी दुसरं काही वाचलंच नव्हतं म्हणे.

माझ्या डोक्यात लगेच दोन ओळी तयार झाल्या. एक, गप्प राहायचं. दोन, कॉलेजला कळवायचं, म्हणजे पेपर अडचणीत. मी तिला पहिली ओळ सांगितली. तू अभ्यास केला आहेस, दोन मुद्द्यांनी काही बिघडत नाही, निकाल लागू दे.

"दोन असं त्या म्हनत्यात," ती म्हणाली. "दोन हायत का वीस, मला काय दिसतंय? मी पास झाले तर नेमकं कोन पास झालं, ते मला कधी कळायचंच न्हाई."

संध्याकाळपर्यंत विचार कर, असं सांगून मी फोन ठेवला. खरं तर विचार मला करायचा होता. चार वाजता बाईंकडे गेले आणि वहीत सगळं क्रमानं लिहून काढलं. बाईंनी चष्मा वर-खाली करत वाचलं. मग लेखनिकेचं नाव विचारलं. मी लिहिलं. त्या उठल्या, कपाटातून डबा काढला, कार्डांवरून बोटं फिरवली आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं. खाली बारीक अक्षरात होतं: 'अक्षर मोत्यासारखं. वक्तशीर. स्वतःचं घालते. फक्त गणिताचे पेपर द्यावेत.'

"हे तुमच्या यादीत नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, तसा रकाना नव्हता. त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांनी वही पुढे केली. बोललेलं वाक्य लिहायला गेले तेव्हा ते तसं लिहिता येईना. रकाना नव्हता, असं नव्हतं. मी लिहिलं, 'रकाना मी काढून टाकला.'

बाईंनी वाचलं, वही बंद केली आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा घेऊन आल्यावर, मुलीनं काय करावं, हे मी वहीत लिहून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पेपर कुणाचा आहे?" तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहात गेले. ओसरीत बाकावर ती तयार होऊन बसली होती. चूक कुठे झाली आणि ती माझी कशी, हे मी तिला आधी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्या यादीची चौकशी करायला ती बसली नव्हती. "पत्र लिवायचंय," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही घ्या."

पत्राला तिची भाषा अगदी नीट पुस्तकी होती, पेपरात सांगत असेल तशी. मायना, विषय, आसन क्रमांक. मग: "चौथ्या प्रश्नाच्या उत्तरातील दोन मुद्दे माझे नाहीत. इतर उत्तरांत काय लिहिले गेले आहे, हे मला माहीत नाही."

पहिलं वाक्य मी लिहिलं. दुसऱ्याशी हात थांबला. या वाक्यानं सगळाच पेपर संशयात जाणार होता. त्याऐवजी 'इतर उत्तरे माझी आहेत' एवढंच लिहिलं तर एका प्रश्नावर भागलं असतं. तिच्याच भल्याचं होतं. तिला दिसणार नव्हतं. वाचून दाखवताना तिचं वाक्य म्हणायचं आणि कागदावर माझं ठेवायचं, हेही जमण्यासारखं होतं. आदल्या दिवशी मी ज्या लेखनिकेला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, तिच्या जागी मी जेमतेम चोवीस तासांत येऊन बसले होते.

"थांबलात?" तिनं विचारलं.

"पेन अडकलं," मी म्हटलं, आणि तिनं सांगितलेलं वाक्य सांगितलं तसं लिहिलं.

"वाचा आता."

मी वाचलं. मी दाखवलेल्या जागी डावा अंगठा टेकवून तिनं त्याच्या शेजारी सही केली.

कॉलेजची परीक्षा कॉलेजच घेत होतं, त्यामुळे चौकशी लवकर झाली. लेखनिकेला बोलावलं. इस्त्रीची सुती साडी नेसून त्या वेळेआधी आल्या. उत्तरपत्रिका समोर ठेवल्यावर त्यांनी स्वतः पेन्सिलीनं आपल्या ओळींवर खुणा केल्या. त्या एका प्रश्नात नव्हत्या, चार प्रश्नांत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मला खरंच दोनच वाटले होते हो." आणि थोड्या वेळानं, "मी मदतच केली ना?" मी त्यांना गणिताचे पेपर घ्याल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, गणितात मला गती नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

ते चार प्रश्न तपासले गेले नाहीत. उरलेल्यांवर ती थोडक्यात नापास झाली.

ती लोणी काळभोरला परत गेली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. पुस्तकं माळ्यावर टाकलेली नाहीत, एवढं तिनं मला कळवलं. बाकी घरी काय झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी दर रविवारी एक प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करून पाठवत होते. तिचं उत्तर बहुधा एकच येई: वेग जरा कमी. त्याच काळात मी तीन दुपारी बाईंकडे बसून डब्यातले शेरे उतरवून घेतले. बाई वाचत, मी टाइप करत होते. पान आता आडवं छापावं लागतं.

दुसऱ्या खेपेला तिला मांजरी गावातली एक गृहिणी लेखनिक दिली. बाईंचा शेरा होता: 'मख्ख. सांगितलं तेवढंच लिहिते.' आदल्या दिवशीचा सराव चुकवला नाही. ती पास झाली. बी.एड.ला गेली, एक वर्ष उशिरा. ते वर्ष माझ्या खाती आहे आणि ते मी कशात भरून देऊ शकत नाही.

आता ती एका शाळेत शिकवते. आमच्याकडे नवे लेखनिक आले की शनिवारी दुपारी तीच त्यांची परीक्षा घेते. परीक्षा तिनंच शोधून काढली. ती एक उत्तर सांगते, त्यात मधेच एखादी धडधडीत चूक घालते आणि शांतपणे पुढे जाते. मग लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घेते. चूक कागदावर तशीच असली तर माणूस यादीत. दुरुस्त झालेली असली तर गणित. दर वेळी पाच-सहा जणांत एक तरी दुरुस्त करणारा निघतो आणि तो नेहमी सगळ्यांत चांगला माणूस असतो. बाईंना हे वहीत लिहून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला सुचलं नाही." बाईंकडून यापेक्षा जास्त कौतुक मी कुणाचं ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात यादी दर वर्षीप्रमाणे पुन्हा तपासत होते. ती शेजारी बसली होती, मी एकेक शेरा वाचून दाखवत होते. सगळ्यांचे झाल्यावर ती म्हणाली, "आणि तुमचा?"

माझ्या नावापुढे शेरा नव्हता. बाईंनी माझं कार्डच कधी केलं नव्हतं.

"घ्या लिवून," ती म्हणाली, आणि पत्राच्या वेळचा तो आवाज लावून सांगितलं, "लिहिताना थांबतात. पण लिहितात."

त्या दिवशी ओसरीत पेन अडकलं नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं तर. वाक्य सांगितलं तसं रकान्यात घातलं आणि वाचून दाखवलं.